ग्येरान-मारी: गुंडाळी का फाटते

ग्येरान-मारी म्हणजे कोरियन पद्धतीचं गुंडाळलेलं ऑम्लेट. भाज्यांमुळे त्याची गुंडाळी फाटते, म्हणून त्या कमी घाला, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. ३ अंड्यांत २ मोठे चमचे गाजर आणि तेवढीच कांद्याची पात आरामात मावते, फक्त तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे हवेत. कोबी घालायचा तर बारीक चिरून, मीठ चोळून ५ मिनिटांनी घट्ट पिळा. नाहीतर तव्यावर पाणी सुटतं आणि थर तिथेच तुटतो.

मंद आचेवर अंड्याचं मिश्रण तीन भागांत ओता. प्रत्येक थराचा वरचा भाग ओलसर असतानाच गुंडाळा, सुकला की पुढची घडी चिकटत नाही. सोया सॉस अंड्यात नकोच, लवकर करपतं. तो सोबत घ्या, २ थेंब तिळाचं तेल घालून. पण ते भाजलेल्या तिळांचं हवं, आपल्या साध्या तेलाला तो वास येत नाही.