बेचाळिशीतला व्हॅम्पायर

दुपारची_चहावाली

कबूल करून टाकते. वय ४२, नोकरी बँकेत, मुलगी नववीत, आणि उशीखाली 'ट्वायलाइट'. उशीखाली म्हणजे मोबाइलवर, पण ब्राइटनेस इतका कमी ठेवते की उशीखालीच म्हणा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टेफनी मायर यांची २००५ची कादंबरी. १७ वर्षांची बेला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, फोर्क्स नावाच्या सदा ओल्या गावी वडिलांकडे राहायला येते. वर्गात शेजारी एडवर्ड. दिसतो १७चा, पण १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरायला टेकलेला असताना त्याला व्हॅम्पायर केलेलं, तेव्हापासून तेवढाच. तिच्या रक्ताच्या वासानं त्याचा जीव कासावीस होतो, आणि तिच्यावाचून करमतही नाही. एवढ्यावर चार जाड पुस्तकं आणि २००८ ते २०१२ मध्ये पाच सिनेमे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी २६ची होते, म्हणजे वय तेव्हाही उलटलेलंच. आता पुन्हा हातात घेतलं आणि सुटेना. भाषा बेतास बात आहे, बेला दर दहा पानांवर अडखळून पडते, हे सगळं दिसतं मला. तरी वाचते. दिवसभर माझ्याकडे जो कुणी बघतो त्याला काहीतरी हवं असतं: सही, डबा, ओटीपी. आणि हा बाबा पाचशे पानं नुसता बघत बसतो.

नवरा खोलीत आला की मात्र मी पटकन बातम्या उघडते. दिवाळी अंक वाचताना असं करत नाही. तर प्रश्न हा, की ही लाज नक्की कशाची?

तळमजला

उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर! लाज त्याला वाटायला हवी. बाकी चालू द्या.

कडू_कारलं

ताई, लाज वाटतेय ते बरंच आहे, ती घालवू नका.

नुसता बघत बसतो म्हणता, पण कुठून बघतो? रात्री खिडकीतून तिच्या खोलीत शिरून, ती झोपलेली असताना, तिला न विचारता. २०२० मध्ये त्याच्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक आलं, त्यात तर खिडकी करकरते म्हणून पुढच्या वेळी तेल आणायचा विचार करतो साहेब. तिसऱ्या भागात तिनं जेकबला, म्हणजे तिच्यावर जीव टाकणाऱ्या, लांडगा होणाऱ्या मित्राला, भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो. तो जेकब तरी कोण मोठा सज्जन? ती नको म्हणत असताना चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते तर तिचाच हात मोडतो, आणि तिच्या पोलीस बापाला या सगळ्याची गंमत वाटते.

तुमची मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गातल्या कुणी तिच्या स्कूटीचा प्लग काढून ठेवला, 'तुझ्या काळजीपोटी' म्हणून, तर तुम्ही उसासा टाकाल की त्याच्या घरी जाल?

दुपारची_चहावाली

नववीतल्या मुलीला स्कूटी नाही दिलेली हो. :)

पण मुद्दा कळला. त्याच्या घरी जाईन, आणि चप्पल काढून हातात घेऊन जाईन.

जुनी_लायब्ररी

माझं वय ६९, म्हणून थोडं मागचं सांगते. आमच्या वेळी काकोडकर होते. चंद्रकांत काकोडकरांची शृंगारिक पुस्तकं वाचनालयाच्या काउंटरवर मागायची सोय नव्हती. आमच्या वाचनालयातल्या काकांना नुसतं 'ते नवीन आलंय का' म्हटलं की ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. नेणाऱ्या कॉलेजच्या मुली असतील असं वाटतं ना? निम्म्याहून जास्त डबे भरून, पोरं शाळेत धाडून आलेल्या बायका असायच्या. माझी सख्खी मावशी त्यांत होती. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीत दोन सापडली, परत न केलेली.

काकोडकरांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आलेली कथा. सुप्रीम कोर्टानं १९६९ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. तेव्हा बायकांना काय वाचून काय होईल याची काळजी वकील करायचे. आता तुमची तुम्हीच करता, फुकट.

कडू_कारलं

काकू, मावशीबद्दल आदर आहे. पण अश्लीलतेला माझा काडीचा विरोध नाही. चारही पुस्तकांत अश्लील असं आहे काय? लग्नाआधी काही नाही म्हणजे नाही. माझी तक्रार पाळतीबद्दल आहे. पाळत ठेवणाऱ्याला प्रेमी म्हणायला शिकवलं जातं, आणि तेही १४-१५च्या वयात.

दप्तर

शाळेत शिकवतो. कडू_कारलं यांच्याशी निम्मा सहमत, पण सगळे एक गोष्ट उलटी धरून चाललेत असं वाटतं.

'किशोरींचं पुस्तक मोठ्या बायका वाचतात' असं आपण म्हणतोय. लिहिलं कुणी? मायरबाई तेव्हा २९ वर्षांच्या, तीन मुलांच्या आई, ॲरिझोनात घर सांभाळणाऱ्या. तारीखसुद्धा त्यांना पक्की आठवते: २ जून २००३, कारण त्या दिवशी पोरांच्या पोहण्याच्या शिकवणीचा पहिला दिवस होता. पहाटे स्वप्न पडलं, रानातल्या मोकळ्या जागी बोलत बसलेली मुलगी आणि चमकणारा मुलगा. पोरांचं आवरता आवरता ते लिहून काढलं. म्हणजे हे घरकामात बुडालेल्या एका बाईचं स्वप्न आहे. प्रकाशकानं ते किशोरांच्या फडताळात ठेवलं, एवढंच. तिकडे 'ट्वायलाइट मॉम्स' म्हणवून घेणाऱ्या बायकांची आपली वेगळी साइटच होती. आणि याच कथेवरच्या चाहतीनं लिहिलेल्या गोष्टीतून पुढे 'फिफ्टी शेड्स' ही शृंगारिक कादंबरी निघाली. ती चाहतीही चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई.

तेव्हा चहावाली ताई दुसऱ्याच्या ताटातलं खात नाहीयेत. ताट त्यांचंच आहे, मुलींनी त्यातलं उचललं.

कडू_कारलं

मग तर आणखी वाईट! आपली अपुरी राहिलेली हौस आपण मुलींच्या दप्तरात घालून दिली, असंच ना? ४२ वर्षांच्या बाईला माहीत असतं की असला पुरुष घरात परवडत नाही. ती चव घेऊन मोकळी होते. १४ वर्षांची मुलगी ते मापदंड म्हणून घेते. मोठ्यांनी वाचू नये असं मी कुठेच म्हटलेलं नाही. 'त्यात काय एवढं' असं मुलींदेखत म्हणू नये, इतकंच म्हणतोय.

तळमजला

मुली इतक्या बावळट नसतात हो. माझी भाची यातला एकेक प्रसंग लावून मैत्रिणींबरोबर खो खो हसते. बावळट आपण, जे गंभीरपणे धागा काढतो.

फेरीबोट

सिॲटलजवळ राहते, म्हणून भाव खाऊन घेते: मी फोर्क्सला जाऊन आलेय! एकदा नवऱ्याला 'रेनफॉरेस्ट बघू' सांगून, एकदा मैत्रिणींबरोबर उघडपणे. फेरीबोटीनं पाणी ओलांडून पोर्ट अँजेलिसमार्गे जवळपास चार तास. पाऊस वर्षाला साधारण ३००० मिमी, म्हणजे रत्नागिरीला टक्कर, फक्त इकडे तो थंड आणि किरकिरा. मूळ लाकूडतोडीचं गाव, तो धंदा बसला. आता माहिती केंद्राबाहेर बेलाचा लाल ट्रक उभा असतो आणि सप्टेंबरमध्ये तिच्या वाढदिवसाच्या सुमारास उत्सव भरतो. सिनेमाचं चित्रीकरण तिथं झालेलंच नाही, पहिला सिनेमा बराचसा ऑरेगनमध्ये केला. कुणाला फरक पडत नाही. मी गेले तेव्हा ट्रकपाशी फोटोच्या रांगेत एकही पोरगी नव्हती. सगळ्या आपल्याच वयाच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक आजीसुद्धा.

आता जी लाज मला खरंच वाटली ती सांगते. जेकब तिथल्या मूळ रहिवाशांच्या ज्या क्विल्यूट जमातीतला दाखवलाय ती खरी आहे. ला पुश नावाचं त्यांचं किनाऱ्यावरचं गाव तिथून २४-२५ किलोमीटर. त्यांच्या उत्पत्तिकथेत लांडग्यांपासून माणसं झाली, हे खरं. पौर्णिमेचे-बिर्णिमेचे मानवी लांडगे वगैरे काही नाही. त्यांची शाळा त्सुनामीच्या पट्ट्यात होती. २०१२ मध्ये कायदा होऊन उंचावरची जमीन मिळाली, नवी शाळा २०२२ मध्ये उघडली. मी पहिल्या खेपेला गावभर 'जेकबचं घर' शोधत फिरले होते, आणि शाळेशेजारून जाताना त्सुनामीची पाटी वाचूनही डोक्यात काही शिरलं नव्हतं. एडवर्डपायी नाही, त्या फेरफटक्यापायी मान खाली जाते.

दप्तर

हे कुणीच आणलं नव्हतं इथे. धन्यवाद.

जुनी_लायब्ररी

फेरीबोट, नवऱ्याला रेनफॉरेस्ट सांगून गेलीस हे मावशीला फार आवडलं असतं.

तळमजला

बरं, एक खरा प्रश्न. हेच बेला मुलगा आणि एडवर्ड मुलगी असं असतं तर वाचलं असतंत का?

कडू_कारलं

तसं पुस्तक आहे. २०१५ मध्ये लेखिकेनंच काढलं, दहा वर्षं झाल्याच्या निमित्तानं. बेला फार दुबळी आहे या टीकेवर उत्तर म्हणून मुलगा बो आणि व्हॅम्पायर मुलगी ईडिथ. मी वाचलंय.

दुपारची_चहावाली

थांबा. कडू_कारलं, तेलाची बाटली, इंजिन, आता ईडिथसुद्धा. तुम्ही एकूण सहा पुस्तकं वाचलीत?

कडू_कारलं

टीका करायची तर वाचायला लागतं.

तळमजला

सहा!!

कडू_कारलं

बायकोची आहेत.

दुपारची_चहावाली

धाग्याचं सार्थक झालं. वहिनींना नमस्कार सांगा.

आता माझं. मुलीचा मुद्दा डोक्यातून जाईना, म्हणून काल जेवताना तिला सगळं सांगितलं, खिडकी आणि इंजिनासकट. ती म्हणाली, "आई, रेड फ्लॅग," आणि वाटीतलं वरण संपवलं. एवढंच. नवऱ्यानं विचारलं, कोण इंजिन काढतो? मी म्हटलं, बँकेतला एक.

रात्री इंजिनाचं ते पान मुद्दाम काढून पाहिलं. कडू_कारलं म्हणतात तसंच आहे, मी चक्क विसरले होते. या वयात खरोखर राग आला. मग पुढचं काय ते बघू म्हणून वाचत गेले, ती एक वाजला. विरजण लावायचं राहिलं, आज दही विकतचं.