पार्किंगमधील उंबराविषयी

सचिव, बी-204: सर्वांना नमस्कार. पार्किंगमधील उंबर तोडावा, असा लेखी अर्ज तीन सभासदांनी दिला आहे. पिकलेली फळे गाड्यांवर पडतात, चिलटे होतात आणि फरशीवरून पाय घसरतो, अशी त्यांची तक्रार आहे. रविवारच्या सभेपूर्वी प्रत्येकाने आपले मत मांडावे, ही विनंती.

ए-101: घसरण्याची तक्रार खरी आहे, मागच्या आठवड्यात मीच भिंत धरून तोल सावरला. तरीही झाड तोडण्यास माझा विरोध आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीला आपण ज्या दत्तपादुकांपुढे डोके टेकतो, त्या औदुंबराच्याच सावलीतल्या आहेत. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा झालेला दाह औदुंबराच्या फळांत नखे रोवल्यावर शमला, ही गुरुचरित्रातील कथा आपल्यापैकी अनेकांनी पारायणात वाचली असेल. आयुर्वेदही उंबराला शीतल मानतो, आणि वड, पिंपळ, पायर व पारोसा पिंपळ यांच्या सालींबरोबर त्याची साल ‘पंचवल्कल’ म्हणून जखमा धुण्याच्या काढ्यात घेतो. नवग्रहांच्या होमात शुक्रासाठी उंबराचीच समिधा लागते. त्याचे लाकूड उघड्यावर लवकर कुजते, पण पाण्याखाली टिकते, म्हणून पूर्वी विहिरीच्या बांधकामात ते वापरीत. वराहमिहिराने तर बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी ओळखण्याच्या खुणांमध्ये उंबर सांगितला आहे, आणि आपली बोअर त्याच झाडाच्या बाजूला आहे.

सी-302: ताई, वाडीला मीही जातो, त्यामुळे झाडाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण मुळे पाण्याच्या टाकीत शिरली तर दुरुस्तीचा खर्च सर्वांवर पडेल, त्याचे काय?

ए-101: दादा, ही शंका रास्त आहे. टाकीची भिंत आधी जाणकाराकडून तपासून घेऊ आणि गरज असेल तर त्या बाजूच्या फांद्या हलक्या करू. मात्र फांद्या छाटायच्या असोत वा झाड तोडायचे असो, झाडांच्या जतनाच्या 1975 च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागेल.

बी-402: मला या झाडाची फळे घाण वाटत नाहीत. आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, ते फूल खरोखरच फळाच्या आत असते आणि इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरून परागीभवन करतात. एका वर्षात अनेकदा बहर येत असल्याने तांबट, बुलबुल आणि कोकीळ यांना इतर झाडे रिकामी असतानाही येथे खायला मिळते. माझ्या सासूबाई रोज सकाळी तांबटाचा टुकटुक आवाज ऐकत गॅलरीत बसतात.

सी-302: तसे असेल तर टाकीची तपासणी होईपर्यंत तोडण्याचा ठराव मांडू नये. सध्या फांद्यांखाली हिरवी जाळी बांधावी. माझी गाडी मी उद्यापासून फाटकाजवळ लावतो.

सचिव, बी-204: जाळीचा खर्च रविवारच्या विषयपत्रिकेत घेतला आहे. पहाटे फरशी झाडण्यासाठी ए विंगमधून दोघांनी नावे द्यावीत.

ए-101: माझे पहिले नाव लिहा.