इंटर्नमेंट कॅम्पला काय म्हणावं?

गोदाकाठ: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मांझनारवर लिहितेय. कॅलिफोर्नियात ३९५ महामार्गालगत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना तिथे काटेरी तारांआड ठेवलं होतं. शेजारच्या आजोबांबरोबर तिथल्या एप्रिलच्या यात्रेला गेले. त्यांचा जन्म तिथलाच. मी 'स्थानबद्धता छावणी' लिहिलं, संपादकांनी 'छळछावणी' केलं. 'यात्रे'ची 'सहल' केली ती वेगळीच. आजोबा म्हणतात, आई नुसतं 'कॅम्प' म्हणायची. काय ठेवू?

चिंचोका: छळछावणी नको, त्यामागोमाग ऑशविट्झ येतं. नजरकैद लिहा.

सातारी: नजरकैद घरात असते हो, यांची घरंच सुटली. स्थानबद्धही पटत नाही. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, पण गावात फिरत होते. आमचे वडील आणीबाणीत आत होते. कुणी त्यांना स्थानबद्ध म्हटलं की म्हणायचे, "हो, येरवड्यात स्थान मिळालं होतं!" स्वतःला मिसाबंदीच म्हणवून घेत.

गोदाकाठ: शिवाय मूळ शब्दही तिकडे खुपतो. इंटर्नमेंट शत्रुदेशाच्या नागरिकांची. यातले दोनतृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. मांझनारला १९७३ मध्ये लावलेल्या पाटीवर सरळ 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' आहे. त्यावरून रण माजलं, पुढे पाटीवर घावही पडले.

माणदेशी: छावणी म्हटलं की मला पेंड आणि शेणाचा वास येतो. आमच्याकडे छावणी चाऱ्याची, दुष्काळातली. माणसांना कशाला तो शब्द?

गोदाकाठ: जपानी वंशाच्या काहींना आधी कॅलिफोर्नियातच सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यातच ठेवलं होतं.

माणदेशी: मग राहू द्या.

चिंचोका: छावणी हा शाकारण्याचा शब्द, असं माझं मत. पावसाळ्यात मोहिमा थांबल्या की फौजा छप्पर घालून राहत.

गोदाकाठ: इथे छपराला डांबरी कागद होता, जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून वाळू यायची. आजोबांची आई सांगायची, सकाळी उशीवर डोक्यापुरतीच जागा पांढरी असे.

शुद्धमती: 'कॅम्प' मात्र कृपया नको. मराठीत शब्द असताना उसनवारी कशाला?

हाजीमलंग: माझा जन्म उल्हासनगर कॅम्प नंबर चारचा. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांचे कॅम्प ते. पत्त्यात तेच, रिक्षावाल्यालाही तेच सांगायचं. आता काय 'शिबिर क्रमांक चार' म्हणू? शिबिर रक्तदानाचं असतं.

शुद्धमती: म्हणून साहित्यातही रिक्षावाल्याची भाषा?

हाजीमलंग: त्याची बरी असते.

सातारी: ते सहलीचं काय झालं? सहलीला डबा नेतात.

गोदाकाठ: तेच तर! १९६९ पासून लोक दरवर्षी जातात. स्मशानात पांढरा मनोरा आहे, त्यावर उभी तीन काळी अक्षरं, मृतात्म्यांच्या सांत्वनासाठी. पायाशी कागदी क्रौंच, नाणी. आजोबांनी खिशातून एक बटण काढलं, ठेवलं, टोपी घातली. कुणाचं ते मी विचारलं नाही. शेवटी सगळे फेर धरून नाचले. याला सहल म्हणू?

माणदेशी: वारी म्हणा. नेमानं जातात ना?

शुद्धमती: वारीला विठ्ठल लागतो.

माणदेशी: कोर्टाच्या वाऱ्या करणाऱ्यांना विचारा, कुठला विठ्ठल ते.

गोदाकाठ: अंक उद्या छपाईला जातोय. पहिला शब्द तरी सांगा कुणी.

चिंचोका: @हाजीमलंग, कॅम्प चार म्हणजे स्टेशनच्या कुठल्या बाजूला?