नेव्हिगेशन : स्क्रीनवर एरर १ मिमी, स्फेनॉइडमध्ये मात्र पॉइंटर ३ मिमी चुकतो

दुर्बीण_नाक : नाकातल्या पॉलिपच्या रिव्हिजन (दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या) केसेस, इलेक्ट्रोमॅग्नेटिक नेव्हिगेशन (पॉइंटरचं टोक कुठे आहे ते रुग्णाच्या सीटीवर दाखवणारं मशिन). चेहऱ्यावरून सरफेस रजिस्ट्रेशन (प्रोब फिरवून चेहरा सीटीशी जुळवणं) केलं की मशिन हिरवं होतं, एरर १ मिमी दाखवतं. पुढच्या इथमॉइडपर्यंत (दोन डोळ्यांमधले सायनस) पॉइंटर चोख. स्फेनॉइडच्या (सगळ्यात मागचा सायनस) मागच्या भिंतीला टेकवला की स्क्रीनवर थेट सेलामध्ये, म्हणजे भिंतीपलीकडच्या पिट्युटरीच्या खोबणीत दिसतो. सीटी १ मिमीच्या स्लाइसचा आहे. इंजिनियरच्या मते मशिनमध्ये दोष नाही. मग चुकतंय कुठे?

कवटीतळ : स्क्रीनवरचा तो १ मिमी एरर म्हणजे चेहऱ्यावर घेतलेले बिंदू सीटीशी किती जुळले, एवढंच. खोलवरची चूक त्यात धरलेली नसते. बिंदू सगळे पुढे, काम मागे. रजिस्ट्रेशनमध्ये २ अंशांचा तिरपेपणा राहिला तर नाकाशी कळतही नाही, पण ८ सेंमी आत तो जवळजवळ ३ मिमी होतो.
बिंदू जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं तिथे घ्या: कपाळ, नाकाचं हाड, दोन्ही डोळ्यांच्या खोबणीची बाहेरची कड, तिथून कानशिलापर्यंत. गाल, पापण्या, नाकाचा शेंडा नको. प्रोब दाबू नका, नुसता फिरवा. भुलीच्या ट्यूबची चिकटपट्टी गाल ओढत असेल तर ती आधी सैल करा आणि रजिस्ट्रेशन नाकातल्या इंजेक्शनच्या आधी उरका, सूज आली की चेहरा सीटीतला राहत नाही.
आणि पॉइंटर हाडाच्या पलीकडे दिसतोय, ही त्यातल्या त्यात बरी चूक. निदान हात थांबतो. अलीकडे दाखवला असता तर ड्रिल पुढे गेलं असतं.

फिल्मवाला : ‘१ मिमीचा सीटी’ यावर जाऊ नका, सिरीज उघडून बघा. मूळ ॲक्सिअल (आडवे) स्लाइस, १ मिमी किंवा कमी, मध्ये गॅप नाही, गॅन्ट्री टिल्ट (सीटीच्या रिंगचा कल) शून्य. नेहमीच्या सायनस प्रोटोकॉलमध्ये नाकाचा शेंडा आणि कपाळ बरेचदा कापलं जातं. इथे दोन्ही हवं, कानही. डोक्याचा पट्टा कपाळावर आवळला असेल तर तिथली कातडी दबलेली येते, नेमकी जिथे बिंदू घ्यायचे तिथे. कोरोनल रिफॉरमॅट (त्यावरून बनवलेले समोरून उभे स्लाइस) पाठवला तर उपयोग नाही. ट्यूमर असेल तर एमआरआय जोडा, पण फ्यूजन (दोन्ही स्कॅनची जुळणी) ऑप्टिक नर्व्ह आणि क्लायव्हसपाशी (स्फेनॉइडमागचं कवटीतळाचं हाड) स्वतः तपासा.

ओटी_टेबल : ट्रॅकरही (डोक्याची जागा मशिनला कळवणारा, कपाळावर चिकटवलेला सेन्सर) बघा. कपाळावर बीटाडीन ओलं असताना चिकटवला किंवा ड्रेपने ओढला की तो सरकतो, आणि मशिनला ते कळत नाही. डोकं हललं तर बिघडत नाही, ट्रॅकर हलला तर सगळंच बिघडतं. फील्ड जनरेटरजवळ (मशिनचं चुंबकीय क्षेत्र तयार करणारा भाग) लोखंडी ट्रॉली नको. वाकलेलं सक्शन पुन्हा कॅलिब्रेट केल्याशिवाय वापरू नये.

दुर्बीण_नाक : आभार. ऑपरेशनच्या मध्ये कुठे तपासायचं?

कवटीतळ : सुरुवातीला मिडल टर्बिनेटचं (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा मधला उंचवटा) पुढचं टोक, मॅक्सिलरी (गालाचा सायनस) उघडल्यावर त्याची मागची भिंत, स्फेनॉइडआधी सेप्टमची (नाकाचा मधला पडदा) मागची कड. रिव्हिजनमध्ये टर्बिनेट कापलेलं असेल तर ती खूण सोडा. तिन्ही दिशांत बघा, फक्त सॅजिटलवर (बाजूने दिसणाऱ्या चित्रावर) नाही. २ मिमीच्या वर फरक दिसला तर रजिस्ट्रेशन पुन्हा. कॅरोटिडवरचं (मेंदूकडे जाणारी धमनी) हाड आणि ओनोडी सेल (ऑप्टिक नर्व्हजवळ मागे सरकलेली इथमॉइडची पोकळी) मात्र आदल्या दिवशीच सीटीवर शोधून ठेवायचे. मिलिमीटरभर पातळ हाडाचा निर्णय २ मिमी चुकणाऱ्या पॉइंटरवर होत नाही.