प्रोग्राम लोड व्हायला स्क्रिप्टने किती वेळ थांबायचं? (ऑटोहॉटकी व्ही२, म्हणजे विंडोजवर कामं आपोआप करून घ्यायच्या स्क्रिप्ट भाषेची आवृत्ती २)

घुबड_मोड:
नमस्कार मंडळी, रोज रात्री ८ वाजता टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय) एक स्क्रिप्ट चालू करतो, ती हिशोबाचा एक जुना प्रोग्राम उघडते, लॉगिन करते, रिपोर्ट काढते आणि बंद करते. आधी रन (प्रोग्राम उघडायची कमांड) नंतर सरळ स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांब) ३०००० टाकलं होतं, पण कधी प्रोग्राम ८-१० सेकंदात उघडतो आणि कधी मिनिटभर नुसता लोगो दाखवत बसतो, मग पासवर्ड भलत्याच विंडोत टाइप होतो. म्हणून स्लीप काढून विनवेट (विंडो येईपर्यंत थांब) लावलं, टाइमआउटच्या (जास्तीत जास्त किती थांबायचं त्या मर्यादेच्या) जागी तोच ३०००० ठेवला. आता वेगळीच गंमत. परवा प्रोग्राम उघडलाच नाही आणि लॉगमध्ये "विंडो सापडली नाही" ही ओळ पडली पहाटे ४:२० ला! ३० सेकंदांची मर्यादा असताना रात्रभर काय करत होती ती? आणि मुळात किती मर्यादा ठेवावी, ती संपली की पुढे काय करावं, हेही सांगा.

रिकामटेकडा:
स्लीप ९०००० कर आणि झोप निवांत. माझं असंच चाललंय कधीपासून.

सेमीकोलन:
@घुबड_मोड ४:२० मध्येच उत्तर आहे बघ. स्लीपला मिलिसेकंद लागतात, विनवेटला सेकंद. ३०००० सेकंद म्हणजे ८ तास २० मिनिटं, रात्री ८ मध्ये मिळव. स्क्रिप्टने इमानदारीत तुझं ऐकलंय 😄

तिथे ९० लिही. आणि रिटर्न व्हॅल्यू (विनवेटने परत दिलेलं उत्तर) बघितल्याशिवाय पुढची ओळ चालवू नकोस, व्ही२ मध्ये विंडो मिळाली तर तिचा हँडल (विंडोचा ओळख क्रमांक) येतो, वेळ संपली तर ०. नेटवरची जुनी उदाहरणं एररलेव्हल (चूक झाली का ते सांगणारं व्हेरिएबल) तपासतात, ती व्ही१ ची, इथे चालणार नाहीत. टाइमआउट रिकामा सोडला तर कायमचा थांबतो हे लक्षात असू दे. ० दिला तर तो कायमचा थांबत नाही, पण ऑटोइटमध्ये (अशीच दुसरी स्क्रिप्ट भाषा) त्याच ० चा अर्थ "अनंत काळ थांब" असा होतो, त्यामुळे तिकडून कोड उचलून आणलास तर हे आधी बघ.

@रिकामटेकडा ९० सेकंद स्लीप म्हणजे १० सेकंदात उघडला तरी ९० थांबणार आणि ९५ लागले तर परत बोंब. विनवेटला ९० दिले तर विंडो दिसली की तो लगेच पुढे जातो, म्हणून मर्यादा सढळ हाताने ठेवली तरी रोजचा वेळ वाया जात नाही. मशीन रीस्टार्ट केल्यावरची पहिली सुरुवात सगळ्यात सावकाश असते, ती मोजायची आणि तिच्या दुप्पट ठेवायची, एवढाच माझा हिशोब.

घुबड_मोड:
अरे बापरे, ८ तास २० मिनिटं 🤦 बरोबर जुळतंय. ९० केलं. पण आता विनवेट लगेच यशस्वी होतोय आणि पासवर्ड लोगोवरच टाइप होतोय.

टॅब_की_समर्थक:
कारण लोगोच्या विंडोचं टायटल आणि खऱ्या विंडोचं टायटल सारखंच असणार, आणि व्ही२ टायटलमध्ये कुठेही तो शब्द सापडला तरी चालवून घेतो. विंडो स्पाय (विंडोची माहिती दाखवणारं ऑटोहॉटकीचं टूल) उघड, दोन्हींचा क्लास (विंडोच्या प्रकाराचं नाव) बघ, बहुतेक वेळा वेगळा असतो, तो विनवेटला दे. त्याहून भरवशाचं म्हणजे पासवर्डचा चौकोन प्रत्यक्ष आलाय का हे लूपमध्ये विचारत राहायचं, कंट्रोलगेटएचडब्ल्यूएनडी वापरून. कंट्रोल (विंडोतला चौकोन, बटण वगैरे) नसेल तर तो एरर फेकतो, म्हणून ट्राय (एरर आली तरी स्क्रिप्ट थांबू न देणारी रचना) मध्ये ठेव, मध्ये २०० मिलिसेकंद स्लीप, आणि लूप कधी थांबवायचा ते ए_टिककाउंट (चालू असलेलं मिलिसेकंदांचं घड्याळ) वरून ठरव. म्हणजे मर्यादा दोन झाल्या, एक विंडो यायची आणि एक चौकोन यायची, आणि लॉगमध्ये दोन्ही वेगवेगळ्या लिही, नाहीतर कुठे अडकलं ते कळत नाही.

पायथनवाल्यांसाठी जाता जाता: सबप्रोसेस रन (पायथनमधून प्रोग्राम चालवायची सोय) चा टाइमआउट लोडिंगसाठी वापरू नका, तो प्रोग्राम संपायची वाट बघतो आणि वेळ झाली की त्याला मारून टाकतो, म्हणजे व्यवस्थित उघडलेला प्रोग्राम ३० व्या सेकंदाला गायब. तिथे पोपेन ने (हा संपायची वाट बघत नाही) सुरू करायचं आणि विंडोची वाट पायविनऑटो (विंडोजचे प्रोग्राम हाताळायची पायथन लायब्ररी) च्या वेट ने बघायची, टाइमआउट स्वतः देऊन, कारण विंडो शोधायची त्याची डिफॉल्ट मर्यादा ५ सेकंदच आहे, जुन्या अवजड प्रोग्रामला ती कुठे पुरणार.

रिकामटेकडा:
आणि वेळ संपली तर? प्रोसेसक्लोज (प्रोग्राम जबरदस्तीने बंद) करून परत रन, झालं.

सेमीकोलन:
नको रे बाबा. हिशोबाचा प्रोग्राम आहे, डेटा फाइल उघडी असताना जबरदस्तीने मारला तर फाइल लॉक राहू शकते किंवा बिघडू शकते. आणि न मारता परत रन केलं तर पहिला सावकाश उघडत असतानाच दुसरा येऊन बसतो, मग दोघांची मारामारी. आधी प्रोग्राम चालू आहे का ते प्रोसेसएक्झिस्ट ने बघायचं. प्रोसेस नसेल तर उघडलाच नव्हता, एकदा परत प्रयत्न करायला हरकत नाही. असेल तर स्क्रीनशॉट काढ, लॉग लिही, एक्झिटॲप (स्क्रिप्ट बंद करायची कमांड) ला शून्य सोडून काहीतरी कोड दे (शून्य म्हणजे सगळं ठीक) आणि बाहेर पड. सकाळी माणूस बघेल. अर्ध्या वेळा स्क्रीनशॉटमध्ये "नवीन अपडेट आहे, आता करू का?" असला डबाच दिसतो, त्याला कुठलाही टाइमआउट पुरत नाही.

घुबड_मोड:
क्लास वेगळा निघाला, चौकोनाची तपासणी पण टाकली, आता लोगो दिसत असताना शांत थांबते. स्क्रीनशॉटचं आज रात्री बघतो. शेड्युलरमध्ये पण एक मर्यादा दिसतेय, ३ दिवस?

टॅब_की_समर्थक:
ती डिफॉल्ट आहे, १ तास कर. पण ती स्क्रिप्टला थांबवते, प्रोग्राम उघडाच राहू शकतो, तेव्हा आतल्या मर्यादा काढू नकोस. आणि "यूजर लॉगऑन असो वा नसो चालव" हा पर्याय निवडलेला नाही ना ते बघ. तो असला तर स्क्रिप्ट तुझ्या डेस्कटॉपवर चालतच नाही, स्क्रीनशॉटमध्ये काही दिसणार नाही.

घुबड_मोड:
तो नाहीये, मी लॉगिनच ठेवतो. फक्त स्क्रीन लॉक असते, चालेल ना?

टॅब_की_समर्थक:
लॉक असताना विंडो सापडेल, पण ॲक्टिव्ह होणार नाही आणि सेंड ने टाइप केलेलं पोचणार नाही. कंट्रोलसेटटेक्स्ट आणि कंट्रोलक्लिक (मजकूर आणि क्लिक थेट कंट्रोलला देतात) वापरून बघ, साध्या जुन्या विंडोंवर बऱ्याचदा चालतात.