मुख्य कोच तोच ठेवून नुसते असिस्टंट बदलले, तर संघ सुधारतो का?

प्लॅटकाठी :
ओमाहात राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. इथं ऑगस्टअखेरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत दर शनिवारी एकच विषय, नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ, हस्कर्स. (फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा.) पाच राष्ट्रीय विजेतेपदं नावावर आहेत आणि लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून एकाही सामन्याला शिल्लक राहिलेली नाहीत. असा हा संघ २०१७ ते २०२३ सलग सात हंगाम एकही बोल सामना (हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना) खेळू शकला नाही. बारापैकी सहा सामने जिंकले की साधारण बोलचं बोलावणं येतं, म्हणजे अट काही फार अवघड नाही.

परवा ऑफिसात पुन्हा तोच वाद निघाला. हंगाम बिघडला तर आधी असिस्टंट कोच बदलून बघावेत का? माझं उत्तर ठामपणे "नाही" असं आहे, आणि त्याला कारण २०२१ चा नोव्हेंबर.

मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्टचं ते चौथं वर्ष. हा आपलाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू). ८ नोव्हेंबरला विद्यापीठाने जाहीर केलं की फ्रॉस्ट राहणार, पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाख होणार. आणि त्याच दिवशी ऑफेन्सच्या (आक्रमणाच्या) चार असिस्टंटना घरी पाठवलं. त्यांच्या जागी पिट्सबर्गहून मार्क व्हिपल ऑफेन्स कोऑर्डिनेटर म्हणून आला, लुइझियाना स्टेटहून मिकी जोसेफ, टेक्सस ख्रिश्चनहून ब्रायन अ‍ॅपलव्हाइट, शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून डोनोव्हन रायोला. बिल बुशकडे स्पेशल टीम्स (किक मारणारी आणि अडवणारी पथकं) दिल्या. गावात आनंद होता. मलाही झाला होता.

पुढच्या हंगामाचा पहिलाच सामना डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नशी. २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मारायची आखूड किक) मारायला लावली, ती फसली आणि सामना २८-३१ असा गेला. पत्रकारांसमोर त्याने ऑनसाइडचा निर्णय आपला होता हे कबूल केलं, पण ऑफेन्सच्या स्टाफने आणखी कल्पकता दाखवायला हवी असंही बोलून गेला. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या माणसांबद्दल! दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने घरच्या मैदानावर ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टची नोकरी गेली. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटीवरून पंचाहत्तर लाख डॉलरवर आली असती. तीन आठवडेही कुणाला काढवले नाहीत.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण पोहरे बदलत बसलो आणि एक आख्खं वर्ष गमावलं.

साउथबेंडकर :
असहमत. तुम्ही एका संघाचं उदाहरण देऊन नियम काढताय. मी नोत्र दामच्या गावात राहिलोय, म्हणून २०१६ ची आठवण करून देतो. त्या वर्षी ४ विजय, ८ पराभव. मुख्य कोच ब्रायन केलीला काढा म्हणून ओरड चालू होती. डिफेन्स (बचाव) कोऑर्डिनेटर ब्रायन व्हॅनगॉर्डरला तर चार सामन्यांतच काढलं होतं. विद्यापीठाने केलीला ठेवलं. मग वेक फॉरेस्टहून माइक एल्को डिफेन्सला आला, मेम्फिसहून चिप लाँग ऑफेन्सला, आणि व्यायामाचा कोचही नवा आणला, मॅट बॅलिस. २०१७ ला १०-३, म्हणजे दहा विजय, तीन पराभव. २०१८ ला नियमित हंगामात बाराच्या बारा जिंकून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीची बाद फेरी.

आड तोच होता हो. दोर तोकडा पडत होता.

शेजारीण :
मला खेळातलं फार कळत नाही, पण ज्यांच्याबद्दल आपण "घरी पाठवलं" असं सहज लिहितो त्यांचं घर कसं चालतं ते पाहिलंय. माझ्या मुलीच्या वर्गात एका असिस्टंट कोचची मुलगी होती. तिची ती चौथी शाळा, चौथ्या राज्यातली. बहुतेक असिस्टंटचे करार एक-दोन वर्षांचे असतात. मुख्य कोचला काढलं तर त्याला कोट्यवधी डॉलर मिळतात, यांना त्या मानाने किरकोळ. वर दोष पहिला यांच्यावरच. संघ सुधारतो की नाही हा एक प्रश्न झाला, हे न्याय्य आहे का हा दुसरा. तो कुणीच विचारत नाही म्हणून लिहिलं.

मक्याचं कणीस :
ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण धाग्यातल्या प्रश्नावर मी साउथबेंडकरांच्या बाजूने आहे, आणि दाखला आपल्या लिंकनमधलाच देतो.

१९६७ ला नेब्रास्का ६-४, १९६८ ला पुन्हा ६-४, आणि शेवटच्या सामन्यात ओक्लाहोमाकडून ४७-०. मुख्य कोच बॉब डेव्हनीला हाकला म्हणणारे तेव्हाही कमी नव्हते. डेव्हनी राहिला. त्याने ऑफेन्सची नवी मांडणी करायचं काम टॉम ऑस्बोर्न नावाच्या तरुण असिस्टंटवर सोपवलं. १९६९ लाच बॉइड एप्ली नावाच्या मुलाला वजनं उचलण्याचं प्रशिक्षण द्यायला पगारी नेमलं. त्या काळी खेळाडूंनी वजनं उचलली तर ते जड होतात असं मानणारे कोच पुष्कळ होते! १९६९ ला ९-२. १९७० आणि १९७१ ला राष्ट्रीय विजेते. पुढे तोच ऑस्बोर्न पंचवीस वर्षं मुख्य कोच राहिला आणि २५५ सामने जिंकला. आपण ज्या इतिहासावर जगतो तो एका असिस्टंटने घडवलाय, प्लॅटकाठी. तेव्हा तुमचा सल्ला ऐकला असता तर?

आणि २०२१ चे ते नऊ पराभव पुन्हा बघा. एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यावर मिळणारी) आपली किक अडवून त्यांनीच दोन गुण घेतले. मिशिगन स्टेटने बरोबरी साधली ती पंट (चेंडू समोरच्याला देताना दूर मारलेली किक) थेट परत आणून. आयोवाने चौथ्या क्वार्टरमध्ये पंट अडवून टचडाउन केला. हे सगळं स्पेशल टीम्सचं काम, आणि त्या वर्षी तिथे पूर्ण वेळ वेगळा कोच नव्हता. एवढ्या थोडक्यात हरणाऱ्या संघाला चांगला असिस्टंट मिळाला तर फरक पडणारच, असं तेव्हा वाटलं त्यात चूक काय?

अ‍ॅन आर्बरची मावशी :
इथे मिशिगनचं नाव घ्यायलाच हवं. २०२० ला २-४. मुख्य कोच जिम हार्बोचा मूळ पगार जवळजवळ निम्मा केला, पण ठेवला. बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाकडून तेहतीस वर्षांचा माइक मॅकडॉनल्ड डिफेन्ससाठी आणला. २०२१ ला ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, दहा वर्षांनी. बिग टेन या आमच्या गटाचं विजेतेपद २००४ नंतर पहिल्यांदा. मॅकडॉनल्ड एकाच वर्षात रेव्हन्सकडे परत गेला, तरी २०२३ ला पंधराच्या पंधरा जिंकून राष्ट्रीय विजेते झालो. त्या ओहायो सामन्याला मी बर्फात शेवटपर्यंत उभी होते.

प्लॅटकाठी :
कणीस, ऑस्बोर्नचा दाखला मला आधीच आठवायला हवा होता. मान्य. मावशींचं आणि साउथबेंडकरांचंही मान्य. माझं ठाम "नाही" मागे घेतो.

पण तुम्ही तिघांनी दिलेल्या उदाहरणांत एक गोष्ट दिसते. केलीने प्ले (प्रत्येक चाल) ठरवणं लाँगच्या हाती दिलं. डेव्हनीने वय न बघता ऑस्बोर्नवर ऑफेन्स सोपवला. हार्बोने डिफेन्सचा डॉन ब्राउनसारखा अनुभवी माणूस जाऊ दिला. या मुख्य कोचनी आधी स्वतःचं काहीतरी सोडलं, मग असिस्टंट कामाला आला. फ्रॉस्टने कागदावर ऑफेन्स व्हिपलला दिला, पण डब्लिनला सामना हातातून गेला तेव्हा बोट पहिलं कुणाकडे गेलं? असिस्टंटला जबाबदारी दिली तर हरल्यावर त्याच्या पुढे उभंही राहावं लागतं. शेजारीणताईंचा न्यायाचा प्रश्न इथेच येतो. मला तो वेगळा वाटत नाही.

लिंकनवासी :
उशिरा आलो. २०२४ कुणी घेतलंच नाही. नोव्हेंबरमध्ये, हंगाम चालू असताना, मुख्य कोच मॅट रूलने डेना होलगॉर्सनला आणून प्ले ठरवायचं काम दिलं, आणि ते काढून घेतलं मार्कस सॅटरफिल्डकडून. टेंपल विद्यापीठापासून रूलबरोबर असलेला माणूस! दोन-तीन आठवड्यांत विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवलं, सहावा विजय मिळाला, आणि न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ हरवून बोलही जिंकलो. मैदानावर लोक रडत होते. प्लॅटकाठींचं म्हणणं इथे जुळतं, रूलने स्वतःचा मित्र बाजूला केला. फ्रॉस्टबरोबर सेंट्रल फ्लोरिडाहून जवळजवळ सगळा स्टाफ आला होता आणि त्यातला बराचसा चार वर्षं तसाच राहिला.

मक्याचं कणीस :
पण त्यातल्या तिघांना तर २०२१ ला काढलंच ना? मित्रांना काढलं नाही म्हणून हरलो, हे पटत नाही.

प्लॅटकाठी :
काढलं ते नोकरी धोक्यात आल्यावर, आणि तेही फक्त ऑफेन्सचे. डिफेन्सच्या एकालाही हात लावला नाही.

मक्याचं कणीस :
कारण डिफेन्स त्या वर्षी बरा खेळला होता. बरा खेळणाऱ्यालाही काढायचं?

प्लॅटकाठी :
जॉर्जिया सदर्नने आपल्याच मैदानावर ६४२ यार्ड काढले, ते त्याच डिफेन्ससमोर. पुढच्या आठवड्यात ओक्लाहोमाने ४९ गुण केले आणि मग कोऑर्डिनेटर चिनँडर गेला. तोपर्यंत फ्रॉस्ट लिंकनमध्ये नव्हता.