लिंबाच्या क्रीमी पास्त्यात क्रीम असावे काय?

पाकसाधक (मूळ लेखन)

लिंबाचा क्रीमी पास्ता घरी करण्याच्या कृती वाचल्या, तर बहुतेकांमध्ये क्रीम गृहीतच धरलेले आढळते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. या पदार्थाला क्रीमची गरज नाही, आणि ते घातल्याने ज्या लिंबासाठी आपण हा पदार्थ करायला घेतो, त्याचीच चव मंदावते. येथे दाटपणा हा जिन्नस घालून विकत घ्यायचा नसून, पास्ता उकळलेले पिठाळ पाणी, लोणी आणि चीज ही तिन्ही कढईत हलवून एकजीव करण्यातून मिळवायचा असतो.

दोघांसाठी माझी पद्धत अशी आहे. पास्त्यासाठी नेहमी दर १०० ग्रॅमला एक लिटर पाणी घ्यावे असे सांगतात. मी २०० ग्रॅम स्पॅगेटीला दीड लिटरच घेते, कारण पाणी कमी असले की त्यात उतरलेला स्टार्च अधिक दाट राहतो. मीठही बेतानेच, साधारण १० ग्रॅम, घालते, कारण हेच पाणी पुढे आटणार असते आणि चीज मुळातच खारट असते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी, म्हणजे पास्त्यात अजून स्पष्ट कणी असतानाच, तो चिमट्याने काढून पसरट कढईत घ्यावा. कढईत आधीच कपभर पिठाळ पाण्याला उकळी आणून त्यात ४० ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे विरघळवून ठेवलेले असावेत. दोन मिनिटे पास्ता सतत हलवत राहिले, म्हणजे उरलेला भाग तो या रसातच शिजतो आणि लोणी वेगळे न सुटता पाण्यात मिळून येते. मग गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे, आणि ५० ग्रॅम अगदी बारीक किसलेले पार्मिजानो (इटलीचे कडक, मुरलेले चीज) थोडे थोडे भुरभुरत हलवावे. एका मोठ्या लिंबाच्या सालीचा कीस आणि दोन मोठे चमचे रस सर्वांत शेवटी घालावा.

रोममध्ये आल्फ्रेदो दि लेलियो यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली फेत्तुचिने, म्हणजे चपट्या पट्ट्यांचा पास्ता, लोणी आणि पार्मिजानो एवढ्यांचीच होती. तिच्यात क्रीम शिरले ते इटलीबाहेर. जे तेथे क्रीमशिवाय साधते, ते लिंबाच्या पास्त्यात का साधू नये, हा माझा प्रश्न आहे.

मंदआच

आपली कृती उत्तम आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. प्रथम परंपरेविषयी. आल्फ्रेदोचा दाखला लिंबाच्या पास्त्याला लागू पडत नाही, कारण दक्षिण इटलीतल्या सोरेंतो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर, जेथे लिंबाची ताल्योलिनी (बारीक पट्ट्यांचा पास्ता) आणि स्पॅगेटी हा घरचा पदार्थ आहे, तेथे तो क्रीम घालूनही करतात आणि क्रीमशिवायही करतात. त्यामुळे क्रीम ही बाहेरची भेसळ आहे, असे या पदार्थाबाबत म्हणता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. लिंबू आणि दुधाचा पदार्थ एकत्र आले की नासण्याची भीती असते, आणि ती दुधाबाबत अगदी खरी आहे. दुधातले केसीन हे प्रथिन सामू (पीएच) ४.६ च्या आसपास पोचताच एकमेकांना चिकटून त्याच्या गुठळ्या होतात, उष्णतेने तर त्याआधीच होतात, आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या घरात असतो. पण ३५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये प्रथिने दोन टक्क्यांच्या आसपासच असतात, आणि तीही स्निग्धांशाच्या असंख्य कणांमध्ये विखुरलेली असतात. म्हणूनच असे क्रीम लिंबाचा रस सहन करते, फाटण्याऐवजी उलट थोडे घट्ट होते. स्वयंपाकात नवशिक्या असलेल्या माणसाला दिवसभराच्या कामानंतर वीस मिनिटांत जेवण उभे करायचे असेल, तर हा आधार लहान नव्हे. आपल्या कृतीत अर्धा मिनिट थांबायचे विसरले, की चीजचा गोळा होऊन तो चिमट्याला चिकटतो, आणि कढईत उरते ते ताकासारखे पांढुरके पाणी.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिंबाचा सुगंध रसात फारसा नसून सालीतल्या तेलात असतो. त्या तेलात लिमोनीनचे प्रमाण सर्वाधिक असले, तरी ज्याला आपण ‘लिंबाचा वास’ म्हणून ओळखतो तो मुख्यतः सिट्रालमुळे येतो. ही द्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात अधिक चांगली विरघळतात. दीडशे मिलीलिटर क्रीम कोमट करून त्यात सालीचा कीस दहा मिनिटे झाकून ठेवला, तर तो सुगंध क्रीममध्ये उतरतो आणि शेवटच्या घासापर्यंत टिकतो. क्रीम लिंबाला दाबत नाही, धरून ठेवते.

पाकसाधक

किनाऱ्यावर दोन्ही प्रकार होतात, ही दुरुस्ती मी स्वीकारते. परंपरेचा आधार मी येथे सोडून देते, माझे म्हणणे चवीवर उभे आहे. सुगंध स्निग्धांशात उतरतो हेही निर्विवाद आहे, परंतु लोणी हेदेखील ८० टक्क्यांहून अधिक स्निग्धांशच असते. चाळीस ग्रॅम लोण्यात साधारण ३२ ग्रॅम स्निग्धांश येतो, आपल्या दीडशे मिलीलिटर क्रीममध्ये तो पन्नास ग्रॅमच्या वर जातो. तेवढ्याच लिंबाचा सुगंध दीडपटीहून अधिक स्निग्धांशात वाटला गेला, तर तो जिभेवर फिका वाटणार हे उघड आहे.

याहून मोठी अडचण गोडीची आहे. क्रीममध्ये सुमारे तीन टक्के दुग्धशर्करा असते, लोण्यात ती नाममात्र असते. क्रीम आटले की ही गोडी आणि तापलेल्या दुधाची चव दोन्ही पुढे येतात, आणि त्यांच्या मागे लिंबाची धार बोथट होते. ज्याला तशी सौम्य चव आवडते त्याने ती खुशाल घ्यावी, पण तिला लिंबाच्या पास्त्याची आदर्श चव म्हणू नये.

मंदआच

गोडीचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, तरी तो क्रीम आटवण्यावर बेतलेला आहे. क्रीम आटवू नये, हेच माझे सांगणे आहे. ते कोमट ठेवून पास्ता त्यात घालावा आणि दाटपणासाठी दोन-तीन डाव पिठाळ पाणी घालावे. मग तापलेल्या दुधाची चव येत नाही. शिवाय लिंबू बोथट वाटले तर रस वाढवता येतो, आणि क्रीम तो सहन करते. आपल्या कृतीत रस वाढवला की सॉस पातळ होतो, मग तो पुन्हा दाट करायला चीज वाढवावे लागते, आणि चीज वाढले की मीठ वाढते. आंबटपणा स्वतंत्रपणे कमी-अधिक करण्याची मोकळीक फक्त क्रीमच्या कृतीत आहे.

वाफाळ

दोघांच्याही मांडणीत खरा गुन्हेगार बाजूला राहतो आहे, असे मला वाटते. क्रीमशिवायचा सॉस बिघडतो तो लिंबामुळे नव्हे आणि लोण्यामुळेही नव्हे, तर चीजमुळे. पाणी साधारण ६५ अंशांच्या वर असताना आणि त्यात स्टार्च अपुरा असताना चीज पडले, की त्यातली प्रथिने एकमेकांना धरतात आणि गोळा होतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा पेकोरिनो चीज आणि मिरी यांच्या ‘काचो ए पेपे’ पास्त्यासाठी पद्धतशीर अभ्यास केला, आणि तो २०२५ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चीजच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गुठळ्या होतात, दोन ते तीन टक्के असेल तर सॉस तापमान वाढले तरी गुळगुळीत राहतो, आणि चार टक्क्यांच्या वर गेल्यास तो थंड होताना ताठर होतो, असे त्यात दिसून आले.

आपल्या उकळलेल्या पाण्यात स्टार्च किती उतरला हे घरी मोजता येत नाही. तो पास्त्याच्या जातीवर आणि पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. कांस्याच्या साच्यातून काढलेल्या खरबरीत पास्त्यातून तो अधिक सुटतो, टेफ्लॉनच्या साच्यातल्या गुळगुळीत पास्त्यातून कमी. म्हणून पन्नास ग्रॅम चीजसाठी दीड ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लॉर, पाव कप पाण्यात शिजवून पारदर्शक करावे, कोमट होऊ द्यावे आणि त्यात किसलेले चीज फेटून ठेवावे. हे मिश्रण आच बंद केल्यावर पास्त्यात घातले, तर घाई आणि भीती दोन्ही संपतात. अर्थात तेवढे पाणी कढईतल्या पाण्यातून वजा करायला हवे.

मंदआच

हे वाचून माझे मत अधिकच पक्के झाले. क्रीम टाळण्यासाठी वेगळे भांडे, वेगळे पीठ आणि वेगळे फेटणे करावे लागत असेल, तर त्या कृतीला साधी कशी म्हणायची? ज्या पदार्थाचा मोठेपणाच त्याच्या साधेपणात आहे, त्यात क्रीम हा अधिक सरळ मार्ग ठरतो.

पाकसाधक

भांडे एक वाढते हे खरे, पण अर्ध्या चमच्या कॉर्नफ्लॉरला स्वतःची चव नसते आणि क्रीमला असते. माझा विरोध चवीला आहे, कष्ट वाचवण्याला नाही. वाफाळ यांची सूचना हात बसेपर्यंत अवश्य वापरावी. हात बसल्यावर कढईत पाण्याचे बुडबुडे मोठे आणि संथ होऊ लागले, की स्टार्च पुरेसा आटला हे डोळ्यांना कळते.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी पाळावी. रस उकळत्या सॉसमध्ये कधीही घालू नये. सुगंध वाफेबरोबर निघून जातो, आणि आम्लात फार वेळ उकळलेला स्टार्च तुटून सॉस पातळही होतो.

हिरवीसाल

लिंबाविषयी थोडे. वरच्या कृतींमध्ये गृहीत धरलेले लिंबू मोठे, पिवळे आणि जाड सालीचे आहे. अमाल्फीचे ‘स्फुसातो’ तर आकारानेच लांबट आणि सालीला विशेष सुवासिक असते. लहान, पातळ सालीचे लिंबू वापरणाऱ्यांनी किसणी एका जागी एकदाच फिरवावी, कारण सालीखालचा पांढरा थर लगेच लागतो आणि तो कडू असतो. अशा लिंबाचा रस अधिक आंबट असल्याने दोन चमच्यांऐवजी एकापासून सुरुवात करावी. मेणाचा थर दिलेली लिंबे गरम पाण्यात घासून धुवावीत.

शाकभोजी

एक अडचण कोणीच मांडली नाही. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांनुसार ते वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच) केले जाते, म्हणून काटेकोर शाकाहारी व्यक्तीला ते चालत नाही. क्रीमशिवायच्या कृतीत सॉसचा सारा भार चीजवर आहे, आणि तेच काढून घेतले तर हाती लोण्याचे पाणी उरते. क्रीमच्या कृतीत चीज अगदी थोडे असले किंवा नसले तरी सॉस उभा राहतो. माझ्या दृष्टीने हा वाद येथेच क्रीमच्या बाजूने संपतो.

पाकसाधक

आपली अडचण खरी आहे, पण ती एका चीजपुरती आहे. सूक्ष्मजीवजन्य रेनेटने केलेली, चांगली मुरलेली कडक चीजही मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर तशी नोंद असते. बारीक किसले जाईल इतके कोरडे आणि मुरलेले असणे एवढीच अट आहे. मोझरेलासारखे ताजे चीज मात्र घेऊ नये. त्याचे धागे होतात, सॉस होत नाही.

मंदआच

एक शेवटचा मुद्दा, आणि तो रोजच्या घरात टाळता येत नाही. आपला सॉस वाढल्याबरोबर खायचा आहे. पास्ता ताटातही पाणी शोषतच राहतो, म्हणून पाच-सात मिनिटांत सॉस घट्ट होतो, आणि उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करायला घेतला की लोणी सुटून वर तरंगते. क्रीमचा सॉस दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर पुन्हा मिळून येतो. घरातली सर्व माणसे एकाच वेळी जेवायला बसतात, असे गृहीत धरून कृती लिहू नये.

पाकसाधक

येथे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते. पास्ता थांबणार असेल, तर क्रीम घालावे. पण मग तेथेही दीडशेऐवजी साठ-सत्तर मिलीलिटर पुरावे, उरलेला दाटपणा पिठाळ पाण्याने आणावा, आणि सालीचा अर्धा कीस वाढताना वरून घालावा, म्हणजे पन्नास ग्रॅम स्निग्धांशाखाली लिंबू दबणार नाही. ताबडतोब जेवणाऱ्या दोघांसाठी मी क्रीम घालणार नाही.

मंदआच

साठ मिलीलिटर दोघांना पुरेल, हे मी मान्य करतो. चौघांसाठी ४०० ग्रॅम पास्ता एका कढईत हलवायचा असेल, तर तो तळापासून सारखा हलत नाही, कडेला थंड होतो आणि मध्ये तापलेला राहतो. तेथे चीज एकाच तापमानाला पडेल याची खात्री कोण देणार? तेवढ्या प्रमाणासाठी मी दीडशे मिलीलिटर घेईन आणि सालीचा कीस त्यातच मुरवेन.

वाफाळ

चार जणांसाठी कढई घेऊच नये. पास्ता उकळलेलेच खोल भांडे रिकामे करून त्यात परत घ्यावे. त्याच्या उंच कडांमुळे उष्णता सारखी राहते आणि पास्ता न सांडता जोरात हलवता येतो. दोन कप पाणी मात्र ओतण्याआधी बाजूला काढून ठेवावे.